न पाहिलेल्या कापडाचा सौदा

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. हातात पासबुक होतं. ती घरी शिवणकाम करते, ब्लाऊज आणि पिको-फॉल. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार-सहा दिवस घरी. पासबुकात तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. २९ रुपये, ७९ रुपये, पुन्हा ७९, एकदा १५९, एकदा ३९९. दोन महिन्यांत मिळून ६,४०० रुपये गेले होते. मोहल्ल्यातल्या भिशीचे दोन हप्ते त्यातच होते.

ती रडली नाही. तिला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. "मॅडम, माझ्या पोरानं चोरी केली का जुगार खेळला? माझा भाऊ म्हणतो, गेमच खेळतोय ना, आजकाल त्यात करिअर होतं. शेजारची खाला म्हणते, मोबाईलवरचा खेळच हराम, शाळा बंद कर आणि चुलत्याच्या गॅरेजवर घाल. मी कोणाचं ऐकू?"

त्या खेळाचं नाव मी इथं देत नाही. नाव दिलं की चर्चा त्या नावाभोवती फिरते, आणि तशीच पद्धत वापरणारे बाकीचे खेळ सुटतात. शिवाय प्रश्न एका खेळाचा नाही. पण गॅरेजचा विषय निघाला होता, म्हणून मला उत्तर नीट शोधावं लागलं. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आपल्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन गट आहेत. एक गट म्हणतो, व्हिडिओ गेम म्हणजे सैतानाचं कारखाना. 'गेमिंग हराम आहे का' अशा मथळ्याचे व्हिडिओ मोहल्ल्याच्या ग्रुपवर रोज फिरतात. दुसरा गट तरुणांचा. त्यांच्या मते आम्ही जुने लोक, आम्हाला काही कळत नाही. त्यांचे आपसातले वाद वेगळेच असतात. कोणत्या फोनचा प्रोसेसर चांगला, कोणता फोन गरम होतो, ६० फ्रेमवर खेळावं की ९० वर. हे वाद रात्री दोनपर्यंत चालतात आणि शेवटी कोणाच्या तरी घरी हप्त्यावर नवा फोन येतो. दोन्ही गट फक्त खेळाबद्दल बोलतात. खेळ विकला कसा जातो, हे कोणी विचारत नाही.

मी त्या मुलाला जवळ बसवून विचारलं, पैसे नेमके कशाला दिले? त्यानं सगळं सांगितलं. खेळ फुकट आहे. आत आपलं एक पात्र असतं. रुपये देऊन आधी हिरे घ्यायचे. हिऱ्यांनी पेटी किंवा चक्र उघडायचं. पेटीतून काय निघेल ते नशिबावर. हवा असतो एखादा खास पोशाख किंवा बंदुकीचा रंग, निघतात बहुतेक वेळा फालतू वस्तू. हिऱ्यांचे गठ्ठेही असे बेतलेले, की खरेदी झाल्यावर दहा-वीस हिरे उरतातच. ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा. आणि वर घड्याळ टिकटिकत असतं, 'फक्त १४ तास बाकी'.

मला माझं लहानपण आठवलं. उरुसात सोरट असायची. आमच्या गल्लीतल्या दुकानात पुठ्ठ्याचा बोर्ड टांगलेला असे, त्याला कागदानं बंद केलेली भोकं. चार आणे दिले की एक भोक फोडायचं. आत चिठ्ठी. कोणाला गोळी, कोणाला फुगा, आणि वर टांगलेली प्लास्टिकची मोटार कोणा एकालाच. मीही चार आणे घालवलेत. मग आपण बिघडलो नाही, आजची मुलं कशी बिघडतील, असं कोणी विचारू शकेल.

हाच युक्तिवाद २०१९ च्या जून महिन्यात ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे झाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीच्या प्रतिनिधीनं या पेट्यांना जुगार म्हणायला नकार दिला, त्यांना आश्चर्याचा प्रकार म्हटलं आणि आत खेळणं असलेल्या किंडर अंड्याची उपमा दिली. ऐकायला पटतं. पण पुठ्ठ्याचा बोर्ड आठवून बघा. बोर्डावरची भोकं मोजकी होती. निम्मी फुटली आणि मोटार अजून वर टांगलेली असली, तर ती मिळण्याची शक्यता वाढलेली आहे हे पोरांनाही दिसे. शेवटचं भोक फोडणारा कधी ना कधी येणार होता. मोबाईलमधल्या पेटीला शेवट नाही. कितीही फोडा, बोर्ड भरलेलाच. दुसरं, दुकानदार आम्हाला ओळखायचा. तिसऱ्यांदा हात पुढे केला की म्हणायचा, "बस झालं बेटी, घरी जा, अब्बांना सांगेन." मोबाईलमधला दुकानदारही ओळखतो. तुम्ही किती वाजता खेळता, किती वेळा हरलात, कधी पैसे काढलेत, हे त्याच्याकडे नोंदलेलं असतं. पण ती नोंद घरी जा म्हणण्यासाठी ठेवलेली नसते.

या धंद्यात बहुतेक खेळाडू एक पैसाही देत नाहीत. थोडेच जण देतात, आणि त्यातले मूठभर लोक खूप देतात. अशा मोठ्या गिऱ्हाइकाला धंद्यातले लोक 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. हा शब्द कॅसिनोतून आला आहे.

आता खालाच्या 'हराम' या शब्दाकडे येते. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. मी भाषा शिकवते, म्हणून शब्दांपुरतं बोलते. कुराणात सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत दारूबरोबर ज्याची मनाई आहे तो शब्द आहे 'मैसर'. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून बाणांच्या चिठ्ठ्यांनी त्याचे वाटे काढत, त्या जुगाराचं हे नाव. या शब्दाचं मूळ 'युस्र' शी, म्हणजे सहजतेशी जोडलं जातं. कष्टाविना सहज हाती येणारं, किंवा सहज हातचं जाणारं.

पण मला दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, 'गरर'. सौद्यातली धोक्याची अनिश्चितता. हदीसमध्ये अशा काही सौद्यांची नावानिशी मनाई आहे. एक म्हणजे खडा टाकून केलेला सौदा. दुसरा 'मुलामसा', म्हणजे कापड उलगडून न बघता नुसता हात लावला की सौदा पक्का. या मनाया खेळाबद्दल नाहीत, बाजाराबद्दल आहेत. बाजारात सगळ्यांनीच जावं. पण विकणाऱ्यानं माल दाखवावा आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळावं, एवढी अट आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी शहरांत ही अट घालावी लागली, कारण न दाखवता विकण्यात नफा जास्त असतो हे तिथल्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून 'खेळच हराम' म्हणणाऱ्यांना माझं नम्र सांगणं आहे, की तुम्ही हातातलं नेमकं हत्यार टाकून लाठी उचलताय. सगळाच खेळ वाईट म्हटलं की मुलगा तुमचं ऐकणं बंद करतो, कारण त्या खेळात दोस्ती आहे, चढाओढ आहे, डोकं चालवणं आहे, हे तो रोज अनुभवतो. 'माल न दाखवता विकणारा व्यापारी खरा असतो का?' असं विचारलं तर मात्र तो थांबून विचार करतो.

जगात हे वाद जिथं जिंकले गेले, तिथं ते असेच विक्रीवर बोट ठेवून जिंकले गेले. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या खेळातल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकायला काढलं, तेव्हा खेळाडूंनी त्याची टर उडवली. शोभेच्या वस्तूला वेगळे पैसे कोण देणार? पुढे सगळ्यांनीच दिले. पण त्या चिलखतात निदान काय मिळणार ते दिसत तरी होतं. जपानमध्ये नाणं टाकून खेळणं काढायच्या यंत्रावरून 'गाचा' नावाची पद्धत आली. नशिबानं निघणाऱ्या वस्तूंचा अख्खा संच जमवला तरच मोठं बक्षीस, हा तिचा सर्वांत लबाड प्रकार तिथल्या ग्राहक खात्यानं २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. चीननं २०१७ पासून पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, ते जाहीर करणं बंधनकारक केलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या खेळाचं प्रकरण गाजलं. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या खेळातही नावाजलेली पात्रं हाती यायला तासन्‌तास खेळावं लागे, आणि पैशांच्या पेट्यांनी पुढे जाता येई. कंपनीनं रेडिटवर समर्थन करताच त्या उत्तरावर लाखो लोकांनी नापसंतीचा शिक्का मारला. खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर कंपनीला आतली विक्री थांबवावी लागली. हे करणारे लोक गेमचे शत्रू नव्हते, रोज खेळणारे होते. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं काही खेळांतल्या अशा पेट्या जुगार कायद्याविरुद्ध ठरवल्या. नेदरलँड्समध्ये मात्र २०२२ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत फोर्टनाइट बनवणारी एपिक गेम्स ५२ कोटी डॉलर भरायला तयार झाली. त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते, कारण बटणांची रचनाच चुकून खरेदी व्हावी अशी केल्याचा आरोप सरकारनं ठेवला होता.

आपल्याकडे काय झालं? २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. मोहल्ल्यात वडीलधारी मंडळी खूश होती. मुलं आठवड्याभरात दुसऱ्या खेळावर गेली. २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतीय नाव घेऊन आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये परतला. बंदीचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, मुलांच्या खिशाचं नव्हतंच. त्यामुळे पेट्या विकण्याची पद्धत होती तिथंच राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, रमी, पोकर, पैशांचं फँटसी क्रिकेट. ते चांगलंच झालं. पण पेटीतून पोशाख निघतो, पैसे निघत नाहीत. म्हणून ती या चर्चेतून निसटते.

तरी कायद्यात काहीच नाही असं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, आणि त्यानं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये सांगून ठेवलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं ही त्यातली पहिलीच. ग्राहक मदतीचा १९१५ हा क्रमांक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे.

पण 'पालकांची संमती' हे शब्द वाचून मी त्या आईकडे बघते. तिच्या फोनमधलं सगळं इंग्रजीत. विजेचं बिल, गॅसचा नंबर, भिशीचे पैसे पाठवणं, हे सगळं तिचा मुलगाच करतो. पिन त्याला तिनंच सांगितला, कारण घरात वाचणारा तोच आहे. आपल्या कितीतरी घरांत नववीतलं पोर हेच कॅशियर आहे. अम्मीच्या नावानं 'मी पालक आहे' या चौकोनात खूणही तेच करतं. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शिकलेले आईबाप आणि अडाणी मूल असतं. आमच्याकडे हे उलटं आहे.

आता मुलाची बाजू. मी विचारलं, पोशाखानं खेळात जिंकायला मदत होते का? "नाही मॅडम." मग कशाला? तो बराच वेळ बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "सगळे नवे कपडे घालून येतात. मी एकटाच पहिल्या दिवसाच्या कपड्यांवर. नूब म्हणतात. टीममध्ये घेत नाहीत."

ईदच्या दिवशी जुन्या कपड्यांत ईदगाहला जाणं काय असतं, हे आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांना ठाऊक आहे. त्याच्या अम्मीला तर नक्कीच, ती रमजानभर रात्री जागून दुसऱ्यांचे कपडे शिवते. म्हणजे त्या मुलानं खरं तर ईदचे कपडे घेतले होते. फरक इतकाच, की इथं ईद दर आठवड्याला येते, आणि दुकानदार कपडे न दाखवता पैसे घेतो.

हे ऐकल्यावर मी माझाही फोन उघडून पाहिला. गेल्या वर्षभरात मी मागवलेल्या कुर्त्यांपैकी चार असे निघाले, की 'आज रात्री १२ पर्यंत' लिहिलं होतं म्हणून घेतले. दोन अजून पाकिटातच आहेत. मुलाला रागवायचा माझा सूर तिथंच खाली आला. घाई लावणारं घड्याळ मोठ्यांच्या दुकानातही टिकटिकतं. आपल्याकडे पगार असतो, म्हणून ती चोरी ठरत नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी. तो पोशाख मिळाला तरी तुझा होत नाही. बटणावर 'खरेदी' लिहिलेलं असतं, पण कंपनीनं खेळ बंद केला की पोशाखही गेला. युबिसॉफ्टनं द क्रू या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद केले आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला खेळ लोकांच्या हातात मेला. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे, की फक्त वापरण्याचा परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'खरेदी' म्हणू नका. आपल्या भाषेत यासाठी शब्द आधीपासून आहेत. उर्दूत 'बै' आणि 'इजारा' वेगळे, मराठीत खरेदीखत आणि भाडेपट्टा वेगळे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं शेत. भाडेपट्ट्याला खरेदीखत म्हणून विकणाऱ्याला आपण गावात काय म्हणू?

मी वर्गात भाषण दिलं नाही. गणिताच्या सरांना बरोबर घेतलं. एका पिशवीत ९९ हरभरे आणि एक राजमा टाकला. न बघता एक दाणा काढायचा, दाखवायचा, परत टाकायचा. ४२ मुलांनी प्रत्येकी तीनदा हात घातला. राजमा एकदाच निघाला, तोही कधीच गेम न खेळणाऱ्या मुलीला. सगळा वर्ग हसला. मग सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. शक्यता शंभरात एक असेल आणि कोणी शंभर वेळा हात घातला, तरी राजमा मिळेलच असं नाही. शंभर वेळा काढूनही शंभरातल्या साधारण ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. एका वेळचे ७९ रुपये धरले तर ७,९०० रुपये देऊन रिकामे हात. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आम्हाला वाटायचं शंभर झाले की निघणारच." हाच तो पुठ्ठ्याचा बोर्ड. त्यांनी पाहिला नाही, तरी मनात तोच होता, आणि विकणाऱ्यालाही तेच हवं आहे.

शेवटी त्या आईला मी काय सांगितलं ते सांगते. मी म्हटलं, "तुम्ही दुकानात कापड न उलगडता घेता का?" ती म्हणाली, "छे, मी तर उजेडात नेऊन बघते. आतून विरलेलं असलं तर?" मी म्हटलं, तुमच्या मुलाला न उलगडता विकलंय, आणि तेही ऐंशी वेळा. त्यानं तुम्हाला न विचारता पैसे घेतले, ती चूक त्याची. ती त्यानं भरून द्यायची. पण विकणाऱ्याची चूक वेगळी आहे, तिची शिक्षा त्याची शाळा बंद करून मिटणार नाही.

आम्ही मिळून परतीचा अर्ज केला. थोडी रक्कम परत आली, बरीचशी आली नाही. पिन बदलला. आता दर रविवारी अम्मी मुलाकडून फोनमधले आकडे वाचायला शिकते, त्याची शिक्षा म्हणा किंवा फी म्हणा, ती हीच. भिशीतल्या बायकांनी दोन हप्ते पुढे ढकलून दिले.

मुलगा अजून खेळतो, पहिल्या दिवसाच्या कपड्यांवर. शाळेतही येतो.